परदेशप्रवेश, जकात आणि आपला जिल्हा

'परदेशी प्रवाशांचे प्रवेशनियम व सीमाशुल्क' असा विषय वार्षिकासाठी निवडल्याचे सांगितले तेव्हा मित्रमंडळींपैकी बहुतेकांनी एकच प्रश्न केला : पालघरला विमानतळ नाही, बोईसरला बंदर नाही, मग तू लिहिणार तरी कशावर ? प्रश्न वाजवी आहे. पारपत्र, प्रवेशपत्र, कस्टम हे शब्द ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे सांताक्रूझ-सहारचा झगमगाट उभा राहतो. परंतु आपल्या जिल्ह्याच्या उत्तर टोकापासून काही मैलांच्या अंतरावर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत एक परके राष्ट्र होते, आणि आजही आपल्या जिल्ह्यातील गरिबांतला गरीब माणूस हातात कसलेही पारपत्र नसताना परदेशी जाऊन पोहोचतो. या दोन गोष्टी ध्यानात घेतल्या म्हणजे हा विषय आपल्या अंगणातलाच आहे, हे मान्य होण्यास हरकत नसावी.

प्रथम विषयाची मांडणी करतो. कोणत्याही देशाच्या वेशीवर प्रवाशाला दोन दारांतून जावे लागते. पहिले दार माणसासाठी असते. तू कोण, कोणत्या राष्ट्राचा, कशासाठी आलास आणि परत केव्हा जाणार, एवढे तेथे विचारले जाते. दुसरे दार सामानासाठी असते. काय आणलेस, किती आणलेस, ते स्वतःसाठी की विक्रीसाठी, हे तेथील प्रश्न. एका दारातून सुखरूप गेलेला माणूस दुसऱ्या दारात अडकू शकतो. दोन्ही दारांचे कायदे निराळे, अधिकारी निराळे आणि शिक्षाही निराळ्या.

पहिल्या दाराचा आपल्याकडील कायदा फार जुना नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी जगात बहुतेक ठिकाणी पारपत्राशिवाय हिंडता येत असे, हे वाचून मला आश्चर्यच वाटले. युद्धानंतर भारतात प्रवेशासाठी पारपत्र आवश्यक करणारा कायदा १९२० साली झाला, परकीय नागरिकांविषयीचा कायदा १९४६ साली झाला, आणि भारतीयांना पारपत्र देण्यासंबंधीचा सध्याचा कायदा १९६७ चा आहे. यांपैकी १९२० व १९४६ चे दोन्ही कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून 'आप्रवासन व परकीय नागरिक कायदा, २०२५' लागू झाला. १९४६ चा कायदा मात्र वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

दुसऱ्या दाराचा कायदा म्हणजे १९६२ चा सीमाशुल्क कायदा. त्याच्या ७७ व्या कलमानुसार प्रवाशाने आपल्या सामानात काय आहे ते स्वतःहून सांगावयाचे असते. विमानतळावरील हिरवा मार्ग आणि लाल मार्ग हे याच कलमाचे दृश्य रूप होय. हिरव्या मार्गाने चालू लागणे म्हणजे 'माझ्याजवळ शुल्कपात्र काही नाही' असे तोंडाने न बोलता दिलेले निवेदनच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ८० वे कलम तर मला फार समंजस वाटले. प्रवाशाने शुल्कपात्र किंवा मनाई असलेली वस्तू खरेपणाने जाहीर केली, तर अधिकारी ती ठेवून घेऊन देश सोडताना परत देऊ शकतो. खरे बोलणाऱ्याला कायद्याने एक पळवाट नव्हे, राजरस्ता ठेवला आहे.

किती माल करमुक्त, याची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, म्हणून जाणाऱ्याने त्या त्या वेळचा नियम पाहावा. परंतु नियम कागदावर तसाच राहून व्यवहार पुढे निघून गेला म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. २०१६ च्या नियमांत, वर्षाहून अधिक काळ परदेशी राहून परतणाऱ्या स्त्रीला ४० ग्रॅमपर्यंत दागिने करमुक्त आणण्याची सवलत होती, पण त्यांची किंमत एक लाखाच्या आत असली पाहिजे अशी अट होती. पुरुषाला २० ग्रॅम व पन्नास हजार. २०२५ साली दहा ग्रॅम सोन्यानेच लाखाचा टप्पा ओलांडला. म्हणजे आखातात परिचारिकेची नोकरी करून वसई-पालघरकडे परतणाऱ्या बाईला कागदावर चार तोळ्यांच्या आसपास सवलत दिसे आणि प्रत्यक्षात एक तोळाही पदरात पडत नसे.

असो. आता आपल्या किनाऱ्याकडे वळू.

समुद्रावरून जाणाऱ्याने दुसऱ्याचा परवाना बाळगला पाहिजे, ही कल्पना आपल्याकडे पोर्तुगीजांनी रुजविली. सोळाव्या शतकाच्या आरंभीच त्यांनी हिंदी महासागरात 'कार्ताझ' नावाचा परवाना सक्तीचा केला. जहाजाचे नाव, नाखवाचे नाव, जहाज केवढे, त्यावर शस्त्रे किती, कोठून निघाले व कोठे जाणार, हे सारे त्यात लिहिलेले असे. कोणता माल नेऊ नये आणि वाटेत कोणत्या पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरावी, हेही त्यातच. कार्ताझ नसलेले जहाज मालासकट जप्त होई. आज पारपत्र, प्रवेशपत्र आणि मालाचे घोषणापत्र असे तीन कागद जे काम करतात, ते त्या काळी हा एक कागद करीत असे. फरक एवढाच की समुद्र पोर्तुगीजांचा नव्हता.

या कागदाने बादशहालाही सोडले नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली हजला निघाली. पोर्तुगीजांचा परवाना मिळेपर्यंत तिला सुरतेस ताटकळावे लागले आणि जहाज निघाले ते १५७६ मध्ये. कार्ताझवर येशू व मेरी यांची चित्रे असत, तेव्हा असा कागद खिशात घेऊन मक्केस जाणे धर्माला धरून आहे काय, असा वाद अकबराच्या दरबारातील उलेमांत झाला होता. प्रवेशपत्राचा नमुना पाहून यात्रेकरूच्या मनाला टोचणी लागावी, हा प्रकार आजच्या काळाचाच आहे असे समजण्याचे कारण नाही.

१५३४ साली वसई आणि १५५९ साली दमण पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर मधला सारा किनारा, म्हणजे केळवे-माहीम, तारापूर, डहाणू, त्यांच्या उत्तर प्रांतात मोडू लागला. आज तारापूरच्या किल्ल्याकडे आपण सहलीच्या दृष्टीने पाहतो. परंतु किनाऱ्यालगतचे हे किल्ले केवळ लढाईसाठी नव्हते. खाडीत शिरणाऱ्या गलबतावर नजर ठेवणे आणि त्याच्याकडून जकात वसूल करणे, हेही त्यांचे काम. आपल्या भाषेत 'मांडवी' या शब्दाचा एक अर्थ जकातीचे ठाणे असा आहे. पोर्तुगीज त्याला 'अल्फांदेगा' म्हणत. गंमत अशी की 'जकात' आणि 'अल्फांदेगा' हे दोन्ही शब्द मुळात अरबीच. माल येथल्यांचा, सत्ता लिस्बनची, आणि शब्द मात्र अरब व्यापाऱ्यांचे !

मराठ्यांनी या पद्धतीला विरोध केला आणि तिचे अनुकरणही केले. कान्होजी आंग्र्यांनी आपले 'दस्तक' चालू केले आणि ते न घेणारी जहाजे पकडली. इंग्रज-पोर्तुगीजांनी त्यांना चाचा ठरविले. जो कागद पोर्तुगीजांच्या हाती असताना कायदा होता, तो कान्होजींच्या हाती येताच चाचेगिरी ठरला. १७३९ साली चिमाजीआप्पांच्या मोहिमेत माहीम, तारापूर आणि शेवटी वसई मराठ्यांकडे आली. दमण मात्र राहिले. ते राहिले म्हणूनच पुढची कथा घडली.

ती कथा दादरा-नगरहवेलीची. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक सिल्व्हासाच्या कारखान्यांत नोकरीला आहेत, पण हा मुलूख आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या इतिहासात प्रवेशाधिकाराचे प्रमुख उदाहरण म्हणून अभ्यासला जातो, हे आपल्या कानावर क्वचितच येते. नकाशा नजरेसमोर आणावा. दमण समुद्रकाठी. दादरा आणि नगरहवेली आत, एकमेकांपासूनही तुटलेले. मध्ये भारताचा प्रदेश. पोर्तुगीज अधिकाऱ्याला दमणहून सिल्व्हासास जायचे तर परक्या भूमीवरून जावे लागे. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी प्रथम दादरा व मग नगरहवेली मुक्त केली. त्यांत संगीतकार सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. पोर्तुगालला तेथे फौज पाठवायची होती आणि भारताने वाट दिली नाही. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला : आमच्याच प्रदेशात जाण्यासाठी भारतातून वाट मिळणे हा आमचा हक्क आहे.

या दाव्यात आपल्या दृष्टीने रोमहर्षक भाग असा की हेगच्या न्यायासनापुढे मराठी कागद वाचले गेले. पोर्तुगालचे म्हणणे, १७७९ च्या तहाने पेशव्यांनी ही गावे आम्हांला सार्वभौम हक्काने दिली. भारताचे म्हणणे, पेशव्यांनी दिला तो बारा हजार रुपयांच्या उत्पन्नाचा सरंजाम, भूमीचे स्वामित्व नव्हे. १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा यांतील शब्दांवर, त्यांच्या निरनिराळ्या भाषांतरांवर काथ्याकूट झाला. न्यायालयाने भारताचा अर्थ मान्य केला. मराठ्यांना जेथे कायमचे सार्वभौमत्व द्यावयाचे असे तेथे त्यासाठी पुरेसे स्पष्ट शब्द ते वापरीत, येथे तसे शब्द नाहीत, असे न्यायाधीशांनी नमूद केले. पेशव्यांच्या कारकुनाने शब्द तोलूनमापून लिहिला आणि पावणेदोनशे वर्षांनी तो युरोपात उपयोगी पडला. मोडी शिकून काय करायचे असे विचारणाऱ्यांना इतिहासाच्या प्राध्यापकांनी हे उदाहरण अवश्य द्यावे.

अर्थात एवढ्याने दावा संपला नाही. मागाहून इंग्रजांनी तेथील पोर्तुगीज सत्ता प्रत्यक्षात मानली होती, आणि जाण्यायेण्याची वहिवाट सव्वाशे वर्षांहून अधिक चालत आली होती, हेही न्यायालयाने पाहिले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांना तो नव्हता, असे ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या मतांनी. आणि जेवढा हक्क होता तोही भारताच्या नियमनाच्या अधीन असल्यामुळे, तणावाच्या काळात वाट थांबविण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली आणि भारतातर्फे न्यायासनावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषविलेले म. क. छागला बसले होते.

सैन्यासंबंधीच्या निकालाचा आधार पाहण्यासारखा आहे. १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात व्यापारी करार झाला. त्याने दोन्ही मुलखांतील जकात काही वर्षे एक केली. त्याच करारात, रीतसर विनंतीखेरीज एकाच्या फौजेने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये, असे कलम होते. ज्याला विनंती करावी लागते त्याला हक्क कसा म्हणावा, असा न्यायालयाचा सरळ तर्क. प्रवेशपत्र या संकल्पनेचे सारे मर्म या एका वाक्यात आहे, असे मला वाटते. दूतावासाच्या रांगेत उभा असलेला प्रवासी कितीही पैसेवाला असो, तो विनंतीच करीत असतो.

सामान्य माणसाला या सीमेचा अर्थ मात्र वेगळाच होता. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि शेजारच्या दमणमध्ये दारू खुली राहिली. त्या वेळी उंबरगाव तालुका ठाणे जिल्ह्यात होता. १९६० मध्ये त्याचा मोठा भाग गुजरातला गेला आणि उरलेल्या गावांचा आपला तलासरी तालुका झाला. त्या भागातील आमच्या नात्यातील एक आजोबा सांगत की लहानपणी दमणला जाणे म्हणजे परदेशी जाणे हे त्यांना पुस्तकातूनच कळले. त्यांच्या लेखी ते बाजारला जाणे होते. १९२४ चा भूसीमाशुल्क कायदा त्यांनी कधी ऐकला नव्हता, नाक्यावरचा शिपाई मात्र ओळखीचा होता. आज सीमा गेली, कस्टम गेले, १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करामुळे राज्याराज्यांतील विक्रीकराचे नाकेही गेले. पण दमणहून बाटल्या आणणाऱ्याला राज्य उत्पादन शुल्क खाते आजही पकडतेच. राष्ट्राची सीमा पुसली तरी आबकारीची सीमा शिल्लक राहते.

तारापूरविषयी थोडेसे. अणुवीजकेंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ पासून वीज सुरू झाली. परदेशी तज्ज्ञ आले, राहिले, गेले. त्यांच्यापेक्षा अधिक कटकट झाली ती इंधनाच्या प्रवासाची. संपृक्त युरेनियम अमेरिकेहून येई आणि त्याला तेथून निघण्याची परवानगी लागे. १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर ती अडली. १९८० मध्ये प्रकरण त्यांच्या सिनेटपर्यंत जाऊन ४८ विरुद्ध ४६ मतांनी तेवढ्यापुरते सुटले, आणि पुढे इंधन फ्रान्सकडून आले. आपण प्रवेशाच्या नियमांविषयी बोलतो, पण बाहेर पडू देण्याचेही नियम असतात आणि ते तितकेच कडक असू शकतात.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या भागाकडे येतो.

पावसाळा सरला की डहाणू-तलासरी भागातील शेकडो तरुण गुजरातकडे जातात. वेरावळ, पोरबंदर, ओखा येथील बोटींवर ते खलाशी म्हणून लागतात. शेतमजुरीपेक्षा पैसा बरा, आणि निघताना उचल मिळते. बोट कोठे न्यायची हे तांडेल ठरवतो. खलाशाने जाळे ओढायचे. कच्छच्या पुढे समुद्रात भारत-पाकिस्तानची रेषा आहे, पण ती पाण्यावर कोणी आखलेली नाही. किंबहुना सर क्रीक या सुमारे ९६ किलोमीटर लांबीच्या खाडीचा वाद मिटला नसल्याने तेथून पुढची समुद्रसीमा दोन्ही देशांनी मिळून निश्चितच केलेली नाही. त्या वादाच्या मुळाशी असलेला ठरावही १९१४ च्या मुंबई सरकारचा. मासळीच्या मागे बोट जाते, पाकिस्तानची सागरी सुरक्षा संस्था बोट पकडते, आणि आपला खलाशी कराचीच्या तुरुंगात जातो. त्याच्यावर लागणाऱ्या कायद्यांत एक कायदा परकीय नागरिकांविषयीचा, १९४६ चा. फाळणीपूर्वीचा हा कायदा दोन्ही देशांनी वारशात घेतला. आपण तो २०२५ साली रद्द केला.

आंतरराष्ट्रीय कायदा याविषयी काय म्हणतो ? १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचे ७३ वे कलम सांगते की किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडणाऱ्याला, संबंधित देशांत तसा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देऊ नये. जामीन घेऊन बोट व माणसे लौकर सोडावीत. भारताने हा करार १९९५ मध्ये व पाकिस्तानने १९९७ मध्ये स्वीकारला आहे. परंतु किनाऱ्यालगतच्या १२ मैलांच्या प्रादेशिक समुद्राला हे कलम लागू नाही, आणि बोट नेमकी कोठे होती हे पकडणाराच सांगतो. येथे दोन्ही बाजूंचा न्याय सारखाच आहे. त्यांचे मच्छीमार आपल्या तुरुंगांत असतात. १ जानेवारी २०२५ रोजी दोन्ही देशांनी याद्या दिल्या तेव्हा आपले २१७ मच्छीमार त्यांच्याकडे आणि त्यांचे ८१ आपल्याकडे होते. सगळेच परत येतात असे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये डहाणू तालुक्यातील एक खलाशी कराचीच्या कैदेतच वारला आणि त्याचा देह घरी यायला सुमारे दीड महिना लागला.

माझ्या परिचयाच्या एका घरातील मुलगा असाच पकडला गेला. त्याच्या घरी कागद जमविण्याच्या कामी मी काही दिवस होतो. कैदी भारतीयच आहे याची पडताळणी दिल्लीहून राज्याकडे, तेथून जिल्ह्याकडे आणि शेवटी गावाच्या पोलीस ठाण्याकडे येते. तिकडे त्याने घरचे हाक मारायचे नाव सांगितले होते. शिधापत्रिकेवर दुसरे नाव, शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात फरक, आधार कार्ड बोटीवरच राहिलेले. एका कचेरीने दाखला दुरुस्त करण्यासाठी मुलालाच समक्ष आणा असे सांगितले. त्याची आई मला म्हणाली, "त्यानं कुठं परदेश पाहिला रे भाऊ ? त्यानं नुसतं पाणी पाहिलं."

येथे २१ मे २००८ चा भारत-पाकिस्तान करार महत्त्वाचा ठरतो. दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी याद्यांची देवाणघेवाण याच करारान्वये होते. अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत आपल्या अधिकाऱ्यांना कैद्याची भेट मिळावी, असे त्यात आहे. आणि शिक्षा पुरी होऊन राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यात त्याला सोडून परत पाठवावे, असेही आहे. हा एक महिना प्रत्यक्षात पाळला जात नाही, शिक्षा संपूनही माणसे वर्षानुवर्षे अडकून राहतात, ही गोष्ट उघड आहे. पण दोन अटींपैकी शिक्षा तिकडची आहे आणि राष्ट्रीयत्वाची निश्चिती इकडची. कैदी सुटतो तेव्हा त्याच्याकडे पारपत्र नसतेच. इस्लामाबादच्या आपल्या उच्चायोगाने दिलेल्या तात्पुरत्या प्रवासपत्रावर तो येतो. आजवर सुटलेले बहुतेक खलाशी अटारी-वाघा मार्गे आले, आणि तेथे त्यांनाही प्रवेशाचे आणि कस्टमचे, अशी दोन्ही दारे ओलांडावी लागली. सामान म्हणून असते एखादी पिशवी.

आपल्या महाविद्यालयात या गावांतून येणारे पुष्कळ विद्यार्थी आहेत. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा बोटीवर निघालेल्या भावाच्या, काकाच्या शिधापत्रिकेवर, आधारवर आणि शाळेच्या दाखल्यावर एकच नाव आहे की नाही ते पाहावे; नसेल तर तो घरी असतानाच दुरुस्त करून घ्यावे, आणि कागदांच्या दोन प्रती, एक अलीकडचे छायाचित्र, बोटीचे नाव व नोंदणी क्रमांक, मालकाचा पत्ता हे घरी ठेवून घ्यावे. मी वर सांगितलेल्या घरी बोटीचा क्रमांक मिळवायलाच अकरा दिवस गेले.